खड्यांसकट माती

शिगाराकीची माती हातात घेतली की आधी खडे लागतात. काही पांढरे, तांदळाच्या कणीएवढे. काही त्याहून मोठे, धुरकट आणि काचेरी. पांढरे ते फेल्डस्पार, काचेरी ते क्वार्ट्‌झ. चाकावर ही माती फिरू लागली की तळहाताची कड सोलवटते. पुण्यात मी ज्या मातीवर काम शिकले ती गुजरातेतल्या थानची आणि राजस्थानातल्या बिकानेरची. पोत्यांतून पूड यायची, ती भिजवायची, चाळणीतून गाळायची, आणि तरीही एखादा खडा बोटाला लागला तर चाक थांबवून तो काढायचा. शिगाराकीत खडा काढत नाहीत. माती फार बारीक वाटली तर वरून घालतात.

हे गाव जपानच्या शिगा प्रांतात, डोंगरांच्या मधल्या खोलगट भागात आहे. २००४ पासून ते कोका शहराचा भाग झालं, पण मातीकाम करणाऱ्यांच्या तोंडी शिगाराकी हेच नाव आहे. किबुकावाहून एक छोटी गाडी झाडीतून चढत तिथवर जाते. बिवा सरोवर आज गावाच्या उत्तरेला आहे. लाखो वर्षांपूर्वी ते दक्षिणेला, इगाच्या बाजूला होतं आणि हळूहळू उत्तरेकडे सरकत गेलं. भोवतालचे डोंगर ग्रॅनाइटचे. ग्रॅनाइट कुजला की त्यातल्या फेल्डस्पारची चिकणमाती होते, क्वार्ट्‌झ तसाच उरतो, आणि न कुजलेला थोडा फेल्डस्पार खड्यांच्या रूपाने सोबत येतो. जुन्या सरोवराच्या तळाशी हे सगळं साचलं, त्यात झाडापाल्याचे अवशेष मिसळले. गावाबाहेर खाणीच्या उघड्या कड्यापाशी उभं राहिलं की करड्या, पांढुरक्या, काळसर थरांत हा इतिहास नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

त्या कड्यापाशी मला सह्याद्रीचा बसाल्ट आठवला. आपल्याकडे महाराष्ट्राच्या बहुतेक भागात पायाखाली हाच दगड. तो कुजला की लोहाने भरलेली, पाण्याने फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी काळी माती होते. कापसाला ती उत्तम, पण मोठ्या आचेला टिकत नाही. फुगते, बसते, वितळते. म्हणून आपला कुंभार नदीकाठचा गाळ आणतो, त्यात राख किंवा लीद मिसळतो आणि आव्यात कमी आचेवर भाजतो. मडकं सच्छिद्र राहतं, पाझरतं, पाणी गार करतं. शिगाराकीची माती बाराशे-तेराशे अंशांना उभी राहते, दगडासारखी घट्ट होते आणि धान्य, पाणी, चहा वर्षानुवर्षं सांभाळते. दोन्हीकडच्या कुंभारांचं कसब मी पाहिलं आहे, त्यात उणंअधिक करावं असं मला काही दिसलं नाही. काय घडवायचं याचा अर्धा निर्णय मात्र त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी दगडाने घेऊन ठेवला होता.

खडा का ठेवायचा, हे मला मोठं भांडं करताना समजलं. ज्या कारागिरांकडे मी मोठ्या रांजणाचं काम शिकायला जात असे, ते सत्तरी ओलांडलेले होते आणि फार कमी बोलत. तळाची जाड चकती थापून झाली की मनगटाएवढ्या जाडीच्या मातीच्या वळ्या ते खांद्यावरून सोडत, आतून अंगठ्याने दाबत, बाहेरून दुसऱ्या हाताचा आधार देत. हातभर उंची झाली की थांबायचं. खालचा भाग थोडा सुकून वरचं ओझं पेलण्याजोगा झाला की पुढची वळी. बारीक मातीची भिंत अशा वेळी दबते किंवा सुकताना फाटते. खडेवाल्या मातीत कण एकमेकांवर टेकून आतून हाडं तयार करतात, पाणी त्यांच्या फटींतून वाट काढून बाहेर पडतं, माती आक्रसते कमी. छातीपर्यंत उंच रांजण उभा राहतो तो या खड्यांच्या जोरावर. मी एकदा विचारलं, "सेन्सेई, भिंत पुरेशी सुकली हे कसं ओळखायचं?" त्यांनी माझा हात धरून पालथा भिंतीला लावला आणि तसाच ठेवायला लावला. ओलसर गारवा कमी होत जातो, तो तळहातापेक्षा हाताच्या पाठीला लवकर कळतो. शब्दांत उत्तर मिळालं नाही आणि त्याची गरजही उरली नाही.

माती मोठं भांडं पेलते, म्हणून गावाने सातशेहून अधिक वर्षं मोठी भांडी केली. तेराव्या शतकाच्या सुमारास इथे भट्ट्या पेटल्या तेव्हा शेतकऱ्यांना लागणारे बियाण्याचे रांजण, पाण्याची कुंडं आणि वाटण्यासाठीच्या खरबरीत कुंड्या होत असत. सोळाव्या शतकात चहाविधीच्या जाणकारांनी याच ओबडधोबड भांड्यांकडे पाहिलं आणि शेतकऱ्याच्या घरातला लहान रांजण फुलदाणी होऊन बैठकीत गेला. एदो काळात उजीचा चहा शोगुनकडे नेण्यासाठी इथले चहाचे रांजण जात. पुढे रेशमाच्या धंद्यात कोष उकळून सूत काढायची भांडी, आणि मग घराघरात कोळशाची शेगडी म्हणून वापरली जाणारी हिबाची. निळ्या झिलईची ती हिबाची शिगाराकीने इतकी केली की महायुद्धानंतर गावाचं पोट मुख्यतः तिच्यावरच चालायचं.

मग रॉकेलचे आणि विजेचे हीटर आले आणि काही वर्षांतच हिबाची कुणाला नकोशी झाली. आपल्याकडे असं झालं की बहुतेकदा कुंभारवाडा ओस पडतो. शिगाराकीने तीच माती, तीच झिलई, त्याच भट्ट्या ठेवल्या आणि झाडांच्या कुंड्या, बागेतली टेबलं, स्नानाची टाकी, भिंतीच्या फरश्या करायला घेतल्या. ओसाकाला १९७० साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी तारो ओकामोतो यांनी जो सूर्याचा मनोरा उभारला, त्याच्या पाठीवरचा काळा सूर्य शिगाराकीत भाजलेल्या फरश्यांचा आहे. नारुतोच्या ओत्सुका कला संग्रहालयात जगातल्या हजाराहून अधिक चित्रांच्या मूळ आकारातल्या प्रतिकृती मोठमोठ्या चिनीमातीच्या फलकांवर आहेत. ते फलकही शिगाराकीतच झाले. आणि तानुकी तर आहेतच. टोपी घातलेला, पोट पुढे काढलेला, हातात मद्याचा बुधला घेतलेला हा मातीचा प्राणी गावाच्या प्रत्येक वळणावर उभा आहे. १९५१ साली सम्राट हिरोहितो आले तेव्हा हातात झेंडे दिलेल्या तानुकींच्या रांगा रस्त्यावर लावल्या होत्या, आणि तेव्हापासून ते देशभर पोचले. शहरातले काही कलाकार तानुकीचं नाव निघालं की नाक मुरडतात. मला ते पटत नाही. आतून पोकळ, जाडी सगळीकडे सारखी, भट्टीत न फुटणारी माणसाएवढी मूर्ती रोजच्या रोज करणं हे अव्वल दर्जाचं मातीकाम आहे.

मी राहत होते ते १९९० साली सुरू झालेल्या 'तोगेइ-नो-मोरी' या सिरॅमिक उद्यानात. टेकडीवर संग्रहालय, कार्यशाळा, गॅसच्या आणि लाकडाच्या भट्ट्या, आणि देशोदेशीचे मातीकाम करणारे. तिथली सोय उत्तम आहे, पण माझं खरं शिक्षण टेकडीखाली, गावात झालं. माती हवी असेल तर मातीच्या कारखान्यात जायचं. तिथला माणूस विचारणार: चाकावर की वळ्यांनी, किती उंच, कुठल्या भट्टीत, किती आचेला? मग तो बारीक, मध्यम, भरड अशा मिश्रणांतून एक काढून देणार, आणि ते मिश्रण पुढच्या वर्षीही तसंच मिळणार. झिलईचं सामान विकणारा वेगळा. भट्टीतले तक्ते आणि खांब करणारा वेगळा. भट्टी बांधणारा, दुरुस्त करणारा, पाइनची लाकडं फोडून वाळवून पोचवणारा, मालाला खोकी करणारा, सगळे त्याच दरीत. प्रांताची स्वतःची मातीकामाची प्रयोगशाळा आहे, तिथे तुमच्या मातीची परीक्षा करून देतात. पुण्यात हे सगळं मी एकटी करत असे, आणि या एकटेपणाला मी कलाकाराचं स्वातंत्र्य मानत आले होते. शिगाराकीत पहिल्यांदाच दिवसभर फक्त भांड्याचा विचार करता आला. गावात सहज निघणारा तो मोठा रांजण पन्नास जणांनी मिळून केलेला असतो, जरी त्यावर हात एकाचाच दिसला तरी.

अनागामा भट्टी पेटवताना तर हे उघडच दिसतं. डोंगराच्या उतारावर खणलेली, पुढे तोंड आणि मागे धुराडं असलेली ही एकाच लांब पोटाची भट्टी. चार-पाच दिवस सलग लाकूड घालावं लागतं, म्हणून पाळ्या लागतात. पण काम सुरू होतं ते रचण्यापासून. आतलं भांडं कुठे बसलं यावर त्याचं रूप ठरतं. तोंडाजवळच्या भांड्यांवर राखेचा मारा. तिथेच निखाऱ्यांत अर्धं बुडलेलं भांडं काळं-राखाडी, करपलेलं निघतं. मागे, जिथे ज्वाळा पोचते पण राख थोडीच, तिथे मातीतल्या अल्पशा लोहामुळे लालसर, भाजक्या केशरी रंगाची छटा उमटते. रचताना जुनी माणसं वाकून आत बघत तासन्‌तास चर्चा करतात: या रांजणाच्या खांद्याला आपटून ज्वाळा डावीकडे वळेल, मग त्यामागे काय ठेवायचं? भांड्यांइतकीच तिथे मधल्या मोकळ्या जागांची मांडणी होते.

रात्रीच्या पाळीत मला धुराडं वाचायला शिकवलं. लाकूड टाकलं की काळा धूर, वर ज्वाळेची जीभ. आत प्राणवायू कमी पडतो, ज्वाळा तो भांड्यांतून ओढून घेते. धूर पातळ होत जातो, जीभ आत जाते, आच चढते. नेमक्या त्या क्षणाला पुढची लाकडं. लवकर टाकली तर भट्टी गुदमरते, उशिरा टाकली तर कमावलेली आच जाते. आच मोजायचं यंत्र होतं, आतमध्ये वितळून वाकणारे शंकूही होते, पण माझ्यासोबतचे गृहस्थ आकड्याकडे क्वचितच बघत. ते भट्टीचा आवाज ऐकत. बाराशेच्या पुढे गेल्यावर आतली घुमघुम बदलते, आणि बघायच्या भोकातून दिसणारी भांडी ओली झाल्यासारखी चमकू लागतात. पाइनच्या राखेतले क्षार आणि चुना मातीतल्या वाळूला वितळवायला लागलेले असतात. खांद्यावर साचलेली राख काच होते, ओघळते, आणि टोकाशी हिरव्या थेंबात थांबते. फेल्डस्पारचे खडेही वितळून भिंतीतून बाहेर डोकावतात, पांढरे आणि टपोरे. क्वार्ट्‌झ मात्र वितळत नाही, आहे तसाच राहतो. चाकावर ज्यांनी हात सोलले तेच खडे भट्टीतून निघाल्यावर भांड्याचा चेहरा झालेले असतात.

ही नैसर्गिक राखेची झिलई एके काळी गावातून जवळजवळ गेली होती. हिबाचीच्या दिवसांत तिची गरजच नव्हती. ज्यांनी ती परत मिळवायला जिवाचं रान केलं त्यांत कियोको कोयामा यांचं नाव घ्यायलाच हवं. त्या हिबाचीवर चित्रं रंगवणाऱ्या कामगार होत्या. बाईने भट्टीपाशी येऊ नये असं मानणाऱ्या त्या काळात त्यांनी स्वतःची भट्टी बांधली आणि जुन्या भट्ट्यांच्या जागी सापडणाऱ्या खापरांवरचा हिरवा रंग शोधत वर्षं घालवली. कुंभार झालेला त्यांचा मुलगा रक्ताच्या कर्करोगाने गेला. त्याच्यासाठी अस्थिमज्जा दाते शोधण्याची जी चळवळ उभी राहिली तिचा जपानमधल्या अस्थिमज्जा पेढीच्या उभारणीला हात लागला. एनएचकेच्या 'स्कार्लेट' या मालिकेमागे त्यांच्याच आयुष्याची प्रेरणा होती. त्यांचा एक रांजण मी बराच वेळ पाहिला. एका बाजूने राख दाट ओघळलेली, दुसरी बाजू उघडी, कोरडी, मातीच्याच रंगाची. ती उघडी बाजू जशीच्या तशी ठेवायला काय लागलं असेल, हे भट्टी पेटवणाऱ्यालाच कळेल.

परत आल्यावर मी पाइन शोधत बसले नाही आणि शिगाराकीची मातीही मागवली नाही. महाराष्ट्र सगळाच बसाल्टचा नाही. चंद्रपुराकडे कोळशाच्या थरांसोबत आच सोसणारी माती आहे, आणि भद्रावतीला ग्रामोदय संघाने कुंभारांसाठी काम उभं केलं ते त्याच प्रदेशात. सिंधुदुर्गात चिनी माती आणि काचेची वाळू निघते. बेळगावच्या बाजूला खानापुरात ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्था आहे, आणि त्या तालुक्यात मोठं भांडं थापटून करणारे हात अजून आहेत. अशाच एका कुंभारांकडे मी चंद्रपूरच्या मातीची पोती घेऊन गेले. त्यांनी ती भिजवली, बोटांत चोळली आणि म्हणाले, "ताई, ही फार गुळगुळीत आहे. रांजणाला वाळू लागतेच." वाळू किती, हे त्यांनी मोजून सांगितलं नाही, मातीत मूठमूठ मिसळत गेले आणि हाताला पटल्यावर थांबले. या कुंभारमामांना शिगाराकीचं नावही ठाऊक नव्हतं.

आमचा पहिला रांजण कमरेएवढा झाला. वळ्या माझ्या, थापी मामांची. तो सुकताना फाटला नाही. आता दर वेळी तीच माती, त्याच मिश्रणाने, गाळून-मळून देणारा माणूस हवा आहे, म्हणजे मामांचा आणि माझा वेळ घडवण्यात जाईल. तालुक्यातली एक बंद पडलेली कौलांची गिरणी पाहून आलो आहोत. तिथलं माती मळायचं यंत्र अजून चालू होण्यासारखं आहे आणि ते चालवलेला माणूस शेजारच्याच गावात राहतो. पाऊस उघडला की त्याच्याकडे जायचं ठरलं आहे.