कुंपण कातरण्याचे यंत्र निवडताना

आमच्या वसतिगृहाभोवतीचे मेंदीचे कुंपण 10 फुटांवर गेले, तेव्हा शिडीवर चढून ते कातरणाऱ्या माळीदादांच्या काळजीने आम्ही लांब दांड्याचे यंत्र घेण्याचे ठरविले. एकाच इंजिनाला गवतकापणीचे पाते, करवत व कातर जोडता येणारे यंत्र खर्चाच्या दृष्टीने सोयीचे. परंतु टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते आणि त्याचा आवाज अभ्यासिकेपर्यंत पोहोचतो. शिवाय कातर टोकाशी असल्याने लांब दांडा हातांना जड वाटतो. म्हणून दुकानात यंत्रे प्रथम माळीदादांच्याच हाती दिली. त्यांनी पात्याचा कोन बदलता येणारे, तोल साधणारे बॅटरीवरील यंत्र पसंत केले. तोच निर्णय आम्ही कायम केला. ज्याच्या खांद्यावर साधनाचा भार, त्यालाच निवडीचा अधिकार असावा, असे आम्ही मानतो. विजेच्या तारांजवळ मात्र हे यंत्र वापरावयाचे नाही, हा नियम आम्ही प्रथम दिवसापासून पाळला आहे.