कोणतं शीत?

शितावरून भाताची परीक्षा, इथवर ठीक. पण कोणत्या शितावरून? म्हण तिथे गप्प बसते. आमची आजी कालथ्याने मधला भात वर काढून त्यातलंच शीत दाबायची. वरचं वाफेने फसवतं, तळचं लागलेलं असतं. मधलं पटलं नाही तर ती दुसरं घ्यायची. तेव्हा तिला संशय भाताचा असायचा की स्वतःच्या बोटांचा, कोण जाणे.

आकाशातही शितं असतात. कॅलिफोर्नियातल्या ओहाय इथे १९५९ मध्ये शाळकरी मुलांसाठी एक उन्हाळी विज्ञान शिबिर सुरू झालं. मुलं रात्री जागून लघुग्रहाचे फोटो काढायची आणि त्यावरून त्याची कक्षा मांडायची, तीही टेबलावरच्या यांत्रिक गणकयंत्रावर. रीत गणिती गाउसची. तीन रात्री तो ठिपका कुठे दिसला, एवढंच हाताशी. दिशा कळते, अंतर कळत नाही. तीन दिशांचे सहा आकडे, त्यातून कक्षेचे सहा घटक. तीन शितं आणि सूर्याभोवतीची अख्खी वाट!

१८०१ च्या १ जानेवारीला पालेर्मोत खगोलज्ञ पियाझीला सेरेस हा लघुग्रह दिसला. ११ फेब्रुवारीनंतर त्याच्या नोंदी थांबल्या आणि सेरेस सूर्याच्या उजेडात हरवला. चोविशीतल्या गाउसने तेवढ्यावरून हिशेब केला, आणि वर्ष सरता सरता सेरेस त्या हिशेबाच्या आसपासच सापडला. (सेरेस ही रोमनांची धान्यदेवता. माझ्या शितांना तेवढाच आधार.)

पण तीन नोंदी फार जवळजवळच्या असल्या, तर ठिपका मोजताना झालेली बारीकशी चूक कक्षेत अवाढव्य होते. मग शितं वाढवावीत? डिसेंबर २०२४ मध्ये सापडलेल्या '२०२४ वायआर४' या लघुग्रहाच्या नोंदी वाढत गेल्या, तशी तो २०३२ मध्ये पृथ्वीवर आदळण्याची शक्यताही वाढत फेब्रुवारीत तीन टक्क्यांवर गेली. आणि थोड्याच दिवसांत जवळपास शून्यावर आली. तो कुठून जाईल याच्या अनिश्चिततेचा पट्टा आक्रसत होता आणि पृथ्वी बराच काळ त्या पट्ट्यातच होती, म्हणून शक्यता चढली; पृथ्वी पट्ट्याबाहेर पडली, तशी ती उतरली. हे कारण मला समजतं. पचत मात्र नाही.

त्या फेब्रुवारीत एखाद्या दहावी-अकरावीतल्या मुलीने त्याच नोंदींवरून तीन टक्के काढले असते, तर तिचं उत्तर बरोबर की चूक? बरोबर, असं मी लिहिणार होतो. मग आठवडाभरात आलेलं ते शून्य कोणत्या प्रश्नाचं उत्तर होतं?