तीन बटणं

२ डिसेंबर २०२५, मंगळवार. सुट्टी मागितली तर टीम लीड म्हणतो, "नगरपालिकेच्या मतदानाला गावी? मजा आहे बुवा!" मजा कसली, पहाटेची एसटी आणि मग रांग...

आमच्या प्रभागात तीन मतं: दोन नगरसेवक आणि थेट नगराध्यक्ष. ही 'थेट' भानगड २०१६ साली आणली, २०१९च्या सत्तांतरानंतर काढली, २०२२च्या सत्तांतरानंतर परत आणली. सरकार बदललं की रोलबॅक! थेट निवडला की नगरसेवक फोडायचा, सहलीला न्यायचा धंदा थांबतो, हे मला पटतं. पण रांगेत बाबा म्हणाले, "अरे, अध्यक्ष एकाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं आलं, की टाकीचा ठराव लटकलाच समज." म्हणजे माणूस बघून मत द्यायचं की पाणी बघून? मी माणूस बघितला. दोन बटणं एका पक्षाची, तिसरं दुसऱ्याचं. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

१५ जानेवारी २०२६ला रूममेट पुण्यात चार मतं देऊन आला. महापौर मात्र नगरसेवकांनीच निवडायचा, आणि कारभार आयुक्तांच्या हातात. "म्हणजे तुमच्या गावात लोकशाही जास्त की काय रे?" त्याने विचारलं.

काय सांगणार! गावात अजून दिवसाआड पाणी येतं.