घराखाली काय आहे?

मनुरेवाहून हॅमिल्टनला गणपतीला किंवा कोजागिरीला जाणाऱ्या आपल्या मंडळींना हंटली माहीत असतं ते वीज केंद्राच्या दोन उंच चिमण्यांमुळे. २०२० साली बायपास झाला आणि गावातून जाणंही सुटलं. आम्ही मात्र गेल्या वर्षी ओळीने तीन रविवार हंटलीच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. कारण उघड आहे, ऑकलंडमधल्या घरांच्या किमती. हंटलीला तेवढ्या पैशांत चार खोल्या, मागे लिंबाचं झाड आणि चालत दहा मिनिटांवर वाईकाटो नदी. हिला झाड आवडलं, आम्हाला गॅरेज. मुलांना काहीच आवडलं नाही, पण मुलांना हल्ली काहीच आवडत नाही.

घर घेण्याआधी इथे कौन्सिलकडून 'लिम' नावाचा रिपोर्ट मागवतात हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. पूर, दरड, जमीन खचणं, त्या जागेबद्दल जे जे धोके कौन्सिलला माहीत असतील ते त्यात सांगणं कायद्याने बंधनकारक आहे. आमच्या रिपोर्टात एक नकाशा निघाला आणि त्यावर आमचं लिंबाचं झाड नेमकं रेघोट्या मारलेल्या पट्ट्यात. खाली जुनं खाणकाम, जमीन खचण्याची शक्यता. एजंट म्हणाला, "या भागात हे बऱ्याच घरांना आहे." आपण धीर दिला असं त्याला वाटलं असावं.

दुसऱ्या कुणी तो कागद घडी घालून ठेवलाही असता. पण आम्ही मूळचे चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसचे. कोळशाच्या धुळीत वाळत घातलेले कपडे संध्याकाळी पुन्हा झटकायचे, हे आमचं बालपण. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं. भिंत पडली किंवा छप्पर उडालं असं नव्हे, घर होतं तिथे खोल खड्डा उरला. माणसं वेळीच बाहेर आली म्हणून वाचली. मग आजूबाजूची घरं रिकामी करून घेतली. त्या वॉर्डापासून थोड्या अंतरावर आमच्या काकांचं घर आहे.

यामागचं शास्त्र अवघड नाही. जुन्या भुयारी खाणीत कोळसा काढताना मधेमधे कोळशाचेच खांब सोडतात आणि छप्पर त्यांच्यावर तोललेलं असतं. खाण चालू असेतो पंप रात्रंदिवस पाणी उपसतात. खाण बंद झाली की पंपही बंद होतात. पाणी हळूहळू चढतं, खांब आणि त्यांच्या बुडाची माती भिजते, वर्षानुवर्षं झिजत राहते. एखादा खांब चुरला की वरचं छप्पर ढासळतं, पोकळी वर सरकते, आणि खाण उथळ असेल तर ती थेट अंगणात उघडते. म्हणजे खाण बंद झाली की काम संपलं असं आपण समजतो, तेव्हा जमिनीचं काम सुरू होतं. पाण्याचंही तसंच. कोळशातल्या गंधकयुक्त खनिजाला हवा-पाणी लागलं की आम्ल तयार होतं आणि लोखंड विरघळून ओढे तांबडे होतात. सगळीकडे होतं असं नाही, पण मोजल्याशिवाय कळत नाही. आणि मोजणारा हवा. ऑकलंड २००२ पासून वाईकाटोचं पाणी पितं, तेही हंटलीच्या खालच्या अंगाला, तुआकाऊजवळ उचललेलं, तेव्हा हा प्रश्न आम्हा मनुरेवाकरांच्या नळापर्यंत येतो.

हंटलीची पूर्वेकडची भुयारी खाण २०१५ मध्ये बंद झाली. ती चालवणारी सॉलिड एनर्जी ही सरकारी कंपनी त्याच वर्षी कर्जात बुडाली आणि २०१८ पर्यंत तिचा कारभार गुंडाळला गेला. कंपनी जाते, नकाशा मात्र कौन्सिलच्या कपाटात राहतो, हे आम्हाला पटलं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात तर १९९४ च्या कायद्याने दर पाच वर्षांनी भुयारी खाणींमुळे घरं, जमीन आणि पाणी यांचं काय झालं त्याचा आढावा घ्यावा लागतो. आपल्याकडे खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी वेगळे पैसे बाजूला ठेवण्याचा नियम २००९ साली आला. त्याआधी बंद झालेल्या खाणींसाठीची तत्त्वं यायला २०२२ उजाडलं. आणि वरोऱ्याची सरकारी खाण तर १९०६ सालीच बंद झाली होती! सोडलेल्या खाणीचा नकाशा सरकारजमा करायचा नियम आपल्याकडेही जुनाच आहे. तो नकाशा घर बांधणाऱ्याच्या हातात पडत नाही, एवढंच.

ते घर आम्ही घेतलं नाही. हिने एका वाक्यात निकाल दिला, "तुम्हाला रात्री झोप लागणार नाही, आणि मग मलाही लागणार नाही." दुसऱ्या कुणी तरी घेतलं. ते सुखाने राहत असतील, आणि घर बहुधा हलणारही नाही. रेघोट्यांचा अर्थ घर पडणार असा नसतो, हे आम्हाला इंजिनियर म्हणून कळतं.

काकांना फोनवर हा लिमचा किस्सा सांगितला तेव्हा ते हसले. "तुमच्या तिथं आधी कागद येते बाबू. आमच्या इथं त भोक पडल्यावरच समजते." त्यांच्या बैठकीच्या भिंतीला एक तडा आहे. ते म्हणतात पावसाने, काकू म्हणते खाणीने. घर सोडून चंद्रपूरला या, भाड्याचं आम्ही बघतो, असं आम्ही दोनदा म्हणून पाहिलं. मग निदान एवढं तरी करा म्हटलं. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा, आणि दर महिन्याला फोटो पाठवा. सात महिने फोटो येत राहिले. वरचं टोक बोटभर पुढे सरकलं होतं. आठव्या महिन्यात फोटो आला नाही म्हणून फोन केला.

"अरे, पोरीचं लग्न होतं ना," काका म्हणाले, "तड्यात सिमेंट भरून सगळ्या घराला रंग मारून घेतला."