गेट पडलं की…

नोकरी सोडून मी बेळगावला परत आले आणि पुढची नोकरी मिळेपर्यंत दोन महिने घरीच होते. दुपारभर लॅपटॉपवर ‘ओपनटीटीडी’ चालायचं. बाबा दारातून डोकावायचे, पडद्यावरच्या इवल्याशा बस बघायचे आणि काही न बोलता निघून जायचे. एकदा मात्र ते आईला म्हणाले, "इंजिनिअर झाली आणि खेळत बसलीय." ते मला लागलं. कारण मी नुसती खेळत नव्हते.

ज्यांना हा गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ख्रिस सॉयर यांचा ‘ट्रान्सपोर्ट टायकून’ १९९४ मध्ये आला. आपण वाहतूक कंपनीचे मालक. रस्ते बांधायचे, रूळ टाकायचे, माणसं आणि माल पोचवून पैसे कमवायचे. त्याच गेमवरून २००४ पासून हौशी प्रोग्रामर मंडळी ‘ओपनटीटीडी’ घडवत आली आहेत. तो फुकट मिळतो, आणि त्याचा कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो.

माझ्या नकाशावर दोन गावांमध्ये ४० बस होत्या आणि रस्ते दोन : एक जवळचा, एक थोड्या वळशाचा. सगळ्या बस जवळच्याच रस्त्याला लागायच्या. एक बंद पडली की मागे ही मोठी रांग, आणि शेजारचा रस्ता रिकामा! असं का, म्हणून कोड उघडला.

गाडी तिठ्यावर आली की गेम तिच्यासाठी सगळ्यात कमी खर्चाची वाट शोधतो. सरळ रस्त्याच्या एका चौकोनाला १०० खर्च. चढ आला, वळण आलं की जास्त. रेल्वे फाटक असेल तर ३०० वेगळे. बसथांबा भरलेला असेल तर तेही धरतो. पण वाटेत किती गाड्या तुंबल्यात हे मात्र बघतच नाही. कोंडी फुटावी म्हणून एक गमतीशीर सोय आहे. गाडी अडकून गेममधले २० दिवस झाले की ती चक्क पुढच्या गाडीच्या आरपार निघून जाते!

मी ठरवलं, हे आपण सुधारायचं. वाटेत थांबलेल्या प्रत्येक गाडीमागे खर्च वाढवला आणि गेम सुरू केला. पहिली पाच मिनिटं मी स्वतःवर खूश होते. मग दिसलं की सगळ्या बस आता वळशाच्या रस्त्याला लागल्यात. तिथे तुंबल्या, तशा सगळ्या पुन्हा पहिल्या रस्त्यावर आल्या. आठवडाभर आकडे बदलून बघितले. खर्च कमी ठेवला तर फरक पडेना, जास्त ठेवला तर हा झोका. रांग मोडत नव्हती, फक्त जागा बदलत होती.

त्या संध्याकाळी बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. बराच वेळ बघून म्हणाले, "हे तर आपलं रेल्वे गेट झालं की गं."

आम्ही टिळकवाडीतले. आमच्याकडे पत्ता सांगतानासुद्धा पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट असंच सांगतात. बाबा तीस वर्षं उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये स्कूटरने जायचे. तेव्हा तिसऱ्या गेटवर पूल नव्हता.

"गेट पडलं की अर्धा रस्ता दुसऱ्या गेटाकडे पळायचा," ते सांगू लागले. "तिथं पण गाडी तीच येणार, गेट पडणारच. मग तिथं ही गर्दी."

"मग तुम्ही काय करायचा?"

"स्कूटर बंद करून थांबायचो. बाकीचे वळले की आपली रांग कमी होते. सगळेच हुशार झाल्यावर त्या हुशारीचा काय उपयोग?"

डीट्रिख ब्रेस या जर्मन गणितज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिलं होतं की, प्रत्येक जण स्वतःपुरती सोयीची वाट धरत असेल, तर नवा रस्ता बांधल्यानेसुद्धा सगळ्यांचा प्रवास लांबू शकतो. हे मी कॉलेजात वाचलं होतं. स्वतःचा कोड लिहिताना मात्र आठवलं नाही.

"मग निम्म्याच गाड्या वळव की," बाबा म्हणाले. "पार्किंगला सम-विषम तारखा असतात, तसं."

कुठल्या निम्म्या? प्रत्येक बससाठी मनाला येईल तसा छापा-काटा करता येत नाही. हा गेम नेटवरून अनेक जण एकत्र खेळतात, आणि प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर हिशेब अगदी सारखाच व्हावा लागतो. बसचा नंबर मात्र सगळीकडे एकच असतो. म्हणून सम नंबरच्या बस गर्दी बघून वळतील आणि विषम नंबरच्या आपल्या वाटेनेच जातील, असं केलं.

कोंडी संपली नाही. बस बंद पडली की रांग अजूनही लागते. पण तो झोका बराच कमी झाला आणि दोन्ही रस्ते वापरात आले. हा बदल सध्या माझ्याच लॅपटॉपवर आहे. हजारो गाड्या असल्या तर एवढी मोजदाद गेमला झेपेल का, हे तपासल्याशिवाय तो पुढे पाठवायचा नाही.

आता मी पुण्यात नोकरीला आहे. सुट्टीत घरी गेले की बाबाच लॅपटॉप उघडायला लावतात. मागच्या खेपेला चष्मा वर करून बराच वेळ बघत होते. मग आईला हाक मारली, "अगं, इकडे ये. ती एकवीस नंबरची बघ, कशी गुमान थांबलीय."