तळेगावात व्हिएन्ना

माझा रिसीव्हर पुण्यात कधी मोठ्याने बोललाच नाही. २०१२ साली पहिला घसघशीत बोनस हातात आला, तेव्हा हौसेने घेतलेला. यामाहाचा, ५.१, सोबत पाच स्पीकर आणि एक सबवूफर. तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी त्या वयात हेच केलं असणार! पण कोथरूडमधल्या दुसऱ्या मजल्यावर सबवूफर म्हणजे काय चीज असते, हे पहिल्या मजल्यावरच्या काकूंना विचारा. पहिल्याच रविवारी त्या हातात लाटणं घेऊन वर आल्या. (पोळ्या करता करता आल्या होत्या, एवढंच. पण परिणाम व्हायचा तो झाला.) पुढची दहा-बारा वर्षं तो बिचारा कुजबुजतच राहिला. मग टीव्हीखाली एक सडपातळ साउंडबार आला आणि रिसीव्हर पलंगाखाली गेला.

विकवत नव्हता. शेवटी मामाची आठवण झाली. मोठी बैठकीची खोली, वर कौलं, खाली कुणी काकू नाहीत. शिवाय मामा म्हणजे आवाजातला माणूस. तीसेक वर्षं त्याची साऊंड सर्व्हिस होती. लग्न, पोळा, गणपती, प्रचार, काहीही असो, भोंगा मामाचाच. अशा माणसाच्या घरी माझा रिसीव्हर सुखात राहील, असं मला वाटलं.

मामाचं गाव तळेगाव. ऑफिसात हे सांगितलं की लगेच, ‘अरे, लोणावळ्याच्या अलीकडे ना?’ नाही हो. ते दाभाड्यांचं. आमचं श्यामजी पंतांचं, वर्धा जिल्हा, आष्टी तालुका. अमरावती जिल्ह्यात शंकरपटासाठी नावाजलेलं तळेगाव दशासर आहे, ते आणखी वेगळं. विदर्भात तळेगाव नेहमी आडनावासकट सांगायचं. मी ट्रान्सपोर्टवाल्याला नुसतंच ‘तळेगाव’ सांगितलं, त्यामुळे माझे स्पीकर आधी दाभाडेला दोन दिवस राहून आले.

मी मात्र रिसीव्हर मांडीवर घेऊन नागपूरहून अमरावतीच्या एसटीत बसलो. हा जुना सहा नंबरचा हायवे. आता त्याचा नंबर ५३ झालाय, पण बोलताना लोक अजून सहाच म्हणतात. वाडी, बाजारगाव, कोंढाळी, कारंजा घाडगे... दीड-दोन तासांचा रस्ता. नोव्हेंबरचे दिवस होते, आंबिया बहाराची संत्री उतरत होती. रस्त्याकडेला ढीग, ट्रकमध्ये क्रेट, आणि बसमध्ये दर तिसरा माणूस सालं सोलत बसलेला. त्या वासात एसी बसचं काय काम? तळेगावजवळ सत्याग्रही घाटाची वळणं आहेत. कान किंचित दडे बसल्यासारखे होतात, मग फाट्यावर चहाची टपरी दिसते आणि ते मोकळे होतात.

‘एवढे डबे कायले आणले बे?’ मामा दारातच म्हणाला.

संध्याकाळपर्यंत तारा ओढून झाल्या. सेंटर स्पीकर टीव्हीमागच्या फडताळात, मागचे दोन खुंटीवर, सबवूफर धान्याच्या कोठीशेजारी. घर भरलं. मामेभाऊ, शेजारची पोरं, मामीची चुलत जाऊ. मग मी रिमोट घेऊन सगळ्यांपुढे मिरवायला सुरुवात केली.

या रिसीव्हरांची एक गंमत आहे. यामाहाने १९८६ साली डीएसपी-१ नावाची पेटी काढली. त्यामागची कल्पना अशी, की जगातल्या नामांकित सभागृहांत आवाज भिंतींवर आपटून कसा परत येतो ते मोजायचं, आणि तोच घुमारा तुमच्या खोलीत तयार करायचा. त्याचे वंशज म्हणजे आपल्या रिमोटवरचे मोड. हॉल इन म्युनिक, हॉल इन व्हिएन्ना, सेलर क्लब, द बॉटम लाइन. हा शेवटचा न्यूयॉर्कचा एक क्लब. तो २००४ मध्ये बंद पडला, पण त्याचा घुमारा माझ्या पेटीत अजून शाबूत आहे! मी व्हिएन्ना लावलं आणि चॅनेलवरची मराठी मालिका सुरू केली. सासू सुनेला बोलत होती, आणि तिचा एकेक शब्द संगमरवरी हॉलमधून फिरून येत होता. पोरं खूश. मग सगळ्या स्पीकरमधून एकच आवाज सोडणारा मोड लावला. पोरं आणखी खूश.

मामा हसला. ‘मस्त हाय,’ म्हणाला. मग दहा मिनिटांनी उठला. ‘लाईन आली असन, मोटर पाहून येतो.’

मोटरीच्या लाईनला अजून तीन तास होते.

‘तो असाच करते,’ मामेभाऊ म्हणाला. ‘टीव्हीपुढे बसतच नाही आताशा.’ मामीने स्वयंपाकघरातून वाक्य पुरं केलं, ‘त्यायले नीट ऐकू नाही येत. आपण हासलो की हासतात.’

मला खरंच माहीत नव्हतं. फोनवर तो नेहमी ‘हो हो, बराय’ म्हणायचा, आणि मला वाटायचं तो घाईत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत मी सरळच विचारलं. त्याने एक संत्रं सोलून माझ्या हातावर ठेवलं. ‘आवाज येते. बोल समजत नाही.’

यापेक्षा नेमकं कुणी सांगू शकलं नसतं. भोंग्यांच्या काळात कानांना काही झालं नव्हतं, असं त्याचं म्हणणं. मग छातीएवढे बॉक्स आले, आणि त्यांच्या शेजारी उभं राहून वरातीमागून वराती गेल्या. मोठ्या आवाजाने कान बिघडतात तेव्हा आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं. आपल्या बोलण्यात अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत आणि दणकट असतात. स, फ, ट, क यांसारखी व्यंजनं बारीक आणि वरच्या पट्टीत असतात. स्वर पोचतात, व्यंजनं गळतात. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. मग घरचे ओरडून बोलतात. ओरडताना मोठे होतात ते स्वरच! वर्ध्याहून आणलेलं कानाचं मशीन कपाटाच्या खणात होतं. लग्नात लावलं तेव्हा बँडने कान फाटले, म्हणून काढून ठेवलं ते ठेवलंच.

आणि अशा माणसाच्या घरी मी व्हिएन्ना आणलं होतं. घुमारा म्हणजे आधीच्या शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर. चांगल्या कानाला ती श्रीमंती वाटते. मामासाठी उरलीसुरली व्यंजनंही त्या शेपटीखाली गाडली जात होती.

त्या दुपारी मी मिरवणं सोडून कामाला लागलो. आधी सेंटर स्पीकर फडताळातून बाहेर काढला आणि टीव्हीच्या खाली, अगदी कडेला, मामाच्या खुर्चीकडे तोंड करून ठेवला. ५.१ सिनेमात बोलणं बहुतेक त्याच एका स्पीकरमधून येतं, आणि आपण त्यालाच कोपऱ्यात कोंबतो. (तुमच्याकडे कुठे आहे, बघून या. मी थांबतो.) मग त्याची लेव्हल बाकीच्यांपेक्षा ४ डेसिबलने वर घेतली. मागच्या दोघांची खाली. स्फोट आणि कुजबुज यांतलं अंतर कमी करणारी एक सेटिंग असते, रात्री शेजारी झोपलेले असताना वापरायची. पुण्यात ती मी काकूंच्या धाकाने वापरायचो, इथे मामासाठी चालू केली.

आणि मोड? मालिका येते दोन चॅनेलमध्ये. त्यात बोलणं डावीकडे-उजवीकडे सारखंच भरलेलं असतं. डॉल्बीचा प्रो लॉजिक टू हा २००० सालचा मोड अशा वेळी फार कामाचा आहे. दोन्ही बाजूंना जे समान आहे ते उचलून मधल्या स्पीकरला देतो, म्हणजे बोलणं एका जागेवरून आणि स्वच्छ. त्यातला ‘मूव्ही’ प्रकार बोलण्यासाठी. ‘म्युझिक’मध्ये मधला आवाज बाजूंना पसरवता येतो, गाण्याला ते बरं. आणि रेकॉर्डिंग मुळातच ५.१ असेल तर ‘स्ट्रेट’. म्हणजे भरलंय तसं ऐकव, मध्ये हुशारी करू नकोस. बारा वर्षं मी मोड निवडताना ‘कुठलं भारी वाटतं?’ एवढंच विचारत होतो.

संध्याकाळी मामाला बळेच बसवलं. मशीनही कानात घालायला लावलं, आवाज कमी ठेवून. मालिकेत कुणीतरी म्हणालं, ‘सात तारखेला साखरपुडा.’ मामा वळून मामीला म्हणाला, ‘सात तारखेले कसा? अमावस्या हाय ना त्या दिवशी.’ मामी पदर तोंडाला लावून हसत आत गेली. किती दिवसांनी ते दोघं एकाच मालिकेवर भांडत होते, कुणास ठाऊक.

रात्री मामाने माळ्यावरून त्याचा जुना डेक आणि कॅसेटचा खोका काढला. गावातल्या भजनी मंडळाच्या खंजिरी भजनाचं त्याने स्वतः केलेलं रेकॉर्डिंग. एकच माईक, मोनो. तारा जोडून प्रो लॉजिकवर लावलं, तर खंजिरी, पेटी, माणसं सगळी मधल्या स्पीकरमध्ये जाऊन बसली. बाकी चार जवळजवळ गप्प. माझ्या रिमोटवर ‘मोनो मूव्ही’ नावाचा मोडही आहे, जुन्या थिएटरचा घुमारा देणारा. मी तो लावायला गेलो तर त्याने हात धरला. ‘राहू दे. एकच भोंगा होता तवा.’

मग बराच वेळ बोलत बसला. मोझरीचं गुरुकुंज तिथून जवळच, याच हायवेवर. तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला तो दरवर्षी जातो. दिवसभर भजनं, माईक, गर्दीचा कल्ला, आणि मग दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन. ‘एवढी माणसं अन् चूप. आमच्या धंद्यात तेच अवघड हाय. आवाज कोणीबी वाढवते.’

निघायच्या आदल्या रात्री ‘सैराट’ लावला. मामाने २०१६ मध्ये थिएटरात पाहिला होता, पण गाणीच कळली होती म्हणे. अजय-अतुलने त्यातला वाद्यवृंद लॉस एंजेलिसला सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड केलाय. मला गाण्यापुरतं म्युझिक मोडवर जायचं होतं, पण रिमोट मामाकडे होता. मी त्यावर चिकटपट्टी लावून ‘मालिका’, ‘पिक्चर’, ‘कॅसेट’ लिहून दिलं होतं, आणि तो ‘पिक्चर’वरून हलायला तयार नव्हता. आर्चीचा एकेक संवाद घरंगळत मधल्या स्पीकरमधून येत होता आणि मामा गुडघ्यावर थाप मारत होता. हायवेवरून ट्रक गेला की सबवूफरला फुकटची साथ.

शेवट तुम्हाला माहीतच आहे. ते छोटं पोर दारातून बाहेर येतं, आणि सिनेमाचा आवाज बंद होतो. पूर्ण बंद. कौलांवरून एक मांजर गेलं, तेही ऐकू आलं.

‘आवाज गेला का जी?’ मामीने घाबरून विचारलं. मामेभाऊ तार बघायला उठला. मामाने पडद्यावरची नजर न हलवता त्याला हाताने खाली बसवलं.

‘गेला नाही,’ तो म्हणाला. ‘काढला हाय.’