शंभर हजार स्वागते

दिवाळीच्या सुटीत मुलाबाळांच्या घरी 'व्यापारा'चा डाव हटकून पडतो. नोटा खोट्या, पण भांडणे अगदी खरी! ज्या अमेरिकन खेळावरून हा 'व्यापार' आला, तो 'मोनॉपॉली' पार्कर ब्रदर्सनी १९३५ साली बाजारात आणला. त्याच्या पटावरचे रस्ते न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरील अटलांटिक सिटी या गावचे खरेखुरे रस्ते आहेत, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. पटावर सर्वांत महाग 'बोर्डवॉक', म्हणजे समुद्राकाठचा फळ्यांचा रस्ता. किंमत ४०० डॉलर. नारिंगी पट्टीतल्या 'सेंट जेम्स प्लेस'ला अवघे १८०. प्रत्यक्ष गावातही हा भाव फारसा चुकलेला वाटत नाही. बोर्डवॉकवर कॅसिनोंचे उंच मनोरे, आणि तिथून आत वळले की सेंट जेम्स प्लेसच्या अरुंद गल्लीत एक आयरिश पब. खाली बसायची जागा, वर उतरायला स्वस्त खोल्या.

'पब' म्हटले की आपल्या मध्यमवर्गीय मनाची दारे आपोआप लागतात. पण हा शब्द 'पब्लिक हाउस'चे लघुरूप आहे. सार्वजनिक घर! आपल्याकडे गणपती सार्वजनिक झाला, वाचनालये सार्वजनिक झाली, एक काकासुद्धा सार्वजनिक होऊन गेले. सार्वजनिक घर तेवढे राहिले.

मी तिथे गेलो तो २०१४ च्या सप्टेंबरात. त्या एका वर्षात गावातले चार कॅसिनो बंद पडले आणि सुमारे ८,००० माणसांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांतल्याच एकात माझा भाचा हिशेबखात्यात होता. त्याच्या कामाचा शेवटचा दिवस संपला तेव्हा मध्यरात्र उलटली होती. गाडीशी आल्यावर तो म्हणाला, "मामा, घरी एवढ्यात नको. ती जागी असेल. काय सांगू तिला?"

त्या वेळी उघडे दार मिळणार कुठे? पण हा पब रात्रंदिवस उघडा असे. आत काळसर लाकूड, रंगीत काचांचे दिवे, भिंतभर जुनी छायाचित्रे. गर्दी होती. आम्ही दारातच घुटमळलो. तोच एका वृद्ध गृहस्थांनी शेजारच्या खुर्चीवरचा आपला कोट उचलून मांडीवर घेतला आणि ते थोडे सरकले. बस्स, एवढेच.

मी भीतभीत चहा मागितला. गल्ल्यामागच्या माणसाला त्याचे काहीच नवल वाटले नाही. वाटावे तरी का? चहा पिण्यात आयरिश माणूस इंग्रजालाही मागे टाकतो. भाच्याच्या छातीवर कॅसिनोचा बिल्ला अजून तसाच होता. त्या माणसाने तो पाहिला, एक शब्दही विचारला नाही, आणि बटाट्याच्या तळलेल्या फोडींची बशी आमच्यापुढे सरकवली. चहाचे पैसे त्याने घेतले नाहीत ते नाहीतच.

त्या फोडी खाताना मला आयर्लंडचा इतिहास आठवला. १८४५ साली तिथल्या बटाट्यावर रोग पडला. गरिबांचे सारे पोट त्या एका पिकावर. १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि जवळजवळ तेवढीच बोटींत बसून परदेशी गेली. अमेरिकेत त्यांना काय मिळाले? 'आयरिश माणसाने अर्ज करू नये' अशा जाहिराती! ज्यांच्या तोंडावर दारे लागली, त्यांनीच पुढे जागोजाग अशी घरे मांडली. त्यांच्या भाषेत पाहुण्याला 'केड मीला फॉल्चे' म्हणतात, म्हणजे शंभर हजार स्वागते. आपला हिशेब सोपा: लाख!

कोणी म्हणेल, ही सगळी सजावट आहे. तो हिरवा रंग, ते तीन पानांचे शॅमरॉक, सगळा देखावा. आज आयरिश पबचे सामान तयार करून देशोदेशी पाठवण्याचा धंदाच आहे, हेही खरे. पण आपण दिवाळीत अंगणात किल्ला करतो तो कुठे सिंहगड असतो? विटा, चिखल आणि वर पेरलेले अळीव! तरी त्याच्या बुरुजावर मावळा ठेवताना मुलाचा हात जपून चालतो. न्यू जर्सीतली आपली मंडळी दिवाणखान्यात पैठणीचा पडदा लावतात तेव्हा त्यांना मी आता हसत नाही. देश सुटला की देशाची आरास होते. आरास खोटी की खरी, हे तिच्या रंगावरून ठरत नाही. तिच्याखाली रिकाम्या खिशाच्या माणसाला कसे वागवतात त्यावरून ठरते. कॅसिनोही सर्वांचे हसून स्वागत करतात. तिथे घड्याळ नसते, खिडकी नसते. उठावेसे वाटूच नये अशी सारी व्यवस्था. फक्त ते स्वागत खिशाचे असते, आणि खिसा उठला की माणसानेही उठायचे असते.

पहाटे आम्ही निघालो तेव्हा भाच्याने छातीवरचा बिल्ला काढून खिशात टाकला होता. "सांगतो तिला," एवढेच तो म्हणाला. नोकरी काही त्या चहाने परत आली नाही. ती मिळायला पुढे सात महिने लागले. पण ती रात्र त्याने गाडीत एकट्याने काढली नाही, हे मला थोडे वाटत नाही.

शंभर हजार स्वागतांचे मराठी भाषांतर मला पुष्कळ दिवस सुचत नव्हते. मग ते वृद्ध गृहस्थ आठवले. आपल्याकडे एस्. टी.त, पंगतीत, माजघरात ते रोज कोणी ना कोणी म्हणतच असते: "या, बसा. मी सरकतो जरा."